विल्फ केरिजने जागा खोटी सांगितली

विल्फ केरिज माझा शेजारी. आमच्या दोन परसांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे आणि चाळीस वर्षं आम्ही त्यावर कोपरं टेकून बोलत आलो. सदतीस वर्षं त्याने चर उपसले. इंग्लंडात सफोकच्या आमच्या भागात जमीन इतकी सपाट, की पाणी कुठे जावं ते पाण्यालाच कळत नाही. चर तुंबला की शेत बुडालंच. बार्डनमपासून थेल्शमपर्यंत कुठे चिकणमाती, कुठे वाळू, कुठल्या बांधाखाली पाणी मुरतं, हे विल्फला तोंडपाठ होतं. पाठीने दगा दिला तेव्हा काम सुटलं. दिवसभर घरात बसून हा माझं डोकं खाईल म्हणून आयव्हीने, त्याच्या बायकोने, त्याला एक जुना मेटल डिटेक्टर आणून दिला.

आणि माणूस त्यात रमला. नांगरट झाली की कानाला हेडफोन, पाठीला फावडं, खिशात चीज-लोणच्याचं सँडविच. अशी यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांचं आमचं एक शोधमंडळ आहे, मी त्याचा सेक्रेटरी. बारा-चौदा म्हातारे आणि दोन बायका. पण विल्फसारखा कान कुणाला नव्हता. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "बाटलीचं झाकण आहे, सोड," आणि ते झाकणच निघायचं. गावात कुणाची अंगठी हरवली, ट्रॅक्टरची पिन पडली, की बोलवा विल्फला. डॅक बाईंची लग्नातली अंगठी त्याने बटाट्याच्या शेतातून शोधून दिली आणि बदल्यात बटाटेसुद्धा घेतले नाहीत. असा माणूस. म्हणून तर त्याच्या शब्दाला कुणी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

बार्डनमच्या शिवेवर पर्सी थर्लोचं शेत आहे. तिथे फिरायची विल्फला परवानगी होती. चराच्या पलीकडे थेल्शमची हद्द लागते आणि तिथलं शेत ऑलिव्ह बॉरेट बाईंचं होतं. बाई एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. विल्फ टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात गेला होता, तेव्हा मी बरोबर होतो.

"वरच्या कोपऱ्यात वडलांच्या नांगराला माणसं लागली होती," बाई म्हणाल्या. "हाडं. तेव्हापासून तो कोपरा आम्ही वरवर नांगरतो. निजलीयत बिचारी, निजू दे."

"बाई, मी फक्त वरची चार बोटं माती—"

"चार नाही नि दोन नाही. उठवून चहा पाजणार आहेस का त्यांना? विल्फ्रेड, तू भला माणूस आहेस म्हणून दारात उभी राहून सांगतेय. दुसरा असता तर कुत्रं सोडलं असतं."

परत येताना विल्फ हसत होता. पण "वरचा कोपरा" हे शब्द त्याच्या डोक्यात राहिले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या ऑक्टोबरात तो थर्लोच्या शेतात एकटाच गेला. सकाळपासून पाच तास नुसती बटणं, शिशाचे तुकडे आणि झाकणं. दुपारी चराच्या काठावर बसून त्याने सँडविच खाल्लं. समोर बाईंचा कोपरा, ताजा नांगरलेला. चर कितीसा, एक ढांग. त्यानेच किती वेळा उपसलेला. तो पलीकडे गेला.

वीस पावलांवर यंत्र बोललं. वीतभर खाली एक मोठी पिन निघाली, खांद्यावर वस्त्र अडकवायची, तळहाताएवढी; चांदीची, वर सोन्याचा मुलामा, कडेला एकमेकांना चावणारी जनावरं कोरलेली. चौदाशे वर्षांपूर्वीची. आणि तिच्याखाली, तिला चिकटूनच, एक पिवळट हाड. विल्फने ते पाहिलं, घाईघाईने माती लोटली, पायाने दाबली आणि चर ओलांडून परत आला.

संध्याकाळी कुंपणावरून त्याने आइस्क्रीमचा डबा माझ्यापुढे धरला. ओल्या, भुसभुशीत मातीत ती पिन.

"कुठे?" मी विचारलं.

त्याने डब्याचं झाकण लावलं. "थर्लोकडे. चराच्या अलीकडे, तीस पावलांवर."

मी मंडळाच्या वहीत तसंच लिहिलं. सोनं-चांदी मिळालं की कायद्याने चौदा दिवसांत सरकारला कळवायचं असतं. मी दुसऱ्याच दिवशी कळवलं.

जिल्ह्याकडून इमोजेन सॅलिस नावाची बाई आली, जमिनीतल्या जुन्या वस्तूंची तज्ज्ञ. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. विल्फच्या स्वयंपाकघरात डबा उघडल्यावर ती ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्टर केरिज, असली वस्तू मी फक्त काचेमागे पाहिलीय." विल्फ चहाच्या कपात बघत राहिला. आम्हाला वाटलं, लाजतोय.

पिनेच्या बदल्यात म्युझियमकडून बक्षीस निघालं, अर्धं शोधणाऱ्याचं, अर्धं शेतमालकाचं. विल्फने कागदावर लिहून दिलं की मला काही नको, पिन म्युझियमला तशीच द्या. थर्लो माझ्याजवळ कुरकुरला, "आयला, हा संत झाला! आता मी एकट्याने पैसे घेतले तर पबमध्ये तोंड दाखवायची सोय राहील का?" मग त्यानेही सोडले. वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. आयव्हीने तो कापून ठेवला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भिंतीवर जागा नाही."

इमोजेनने दोन उन्हाळे थर्लोच्या शेतात खणलं. विद्यापीठाची मुलं आली, तंबू लागले. शेतातलं पाणी काढायच्या जुन्या मातीच्या नळ्या आणि घोड्याची एक नाल, एवढंच मिळालं. तरी तिने हार मानली नाही. तिने लेख लिहिला: कुणा प्रवाशाच्या खांद्यावरून ही पिन इथे एकटीच गळून पडली असावी. पिनेच्या बिजागरीत वाळू होती आणि थर्लोचं शेत तर चिकणमातीचं. त्यावर तिने एक पान खर्ची घातलं, की पूर्वी इथून एखादा ओढा वाहत असेल. आम्ही बार्डनमकरांनी वेशीवर नवी रंगीत पाटी लावली, तिच्यावर ती पिन. थेल्शमवाले भेटले की आम्ही टोमणे मारायचो, "तुमच्याकडे काय निघालं रे? बीट?"

विल्फ मात्र त्यानंतर शेतात फारसा गेलाच नाही. समुद्रकाठी जायचा, वाळूत पडलेली नाणी शोधायला. म्युझियमला मंडळाची सहल गेली तेव्हा त्याची पाठ धरली. कुणी त्याच्या मोठ्या मनाची तारीफ सुरू केली की हा उठून बाहेर.

नऊ वर्षांनी ऑलिव्ह बॉरेट बाई गेल्या. पुतण्याने शेत एका कंपनीला विकलं. कंपनीला बटाट्याला पाणी द्यायला मोठं तळं हवं होतं, आणि जागा ठरली वरच्या कोपऱ्यात. अशा खोदाईआधी जुन्या नोंदी बघतात. नोंदीत त्या बाजूला काहीच नव्हतं. उलट चराच्या अलीकडे दोन उन्हाळे खणून हाती काही लागलं नाही, असं चक्क छापलेलं होतं. परवानगी मिळाली.

मार्चमध्ये यंत्रं आली. तिसऱ्या दिवशी दुपारी विल्फ कुंपणाशी आला. तोंड पांढरंफटक.

"सायरिल, ते खणतायत."

"कोण?"

"बॉरेट बाईंच्या कोपऱ्यात. माझी पिन तिथली आहे."

मला आधी कळेचना. मग त्याने सगळं सांगितलं, ती एक ढांग, ते हाड.

"आणि तीन दिवस तू काय करत होतास?"

"रस्त्यावर गाडीत बसून बघत होतो. पहिल्याच दिवशी सांगायला उतरलो होतो. मग वाटलं, असेल एकच थडगं. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. आज जवळ गेलो, तर यंत्राच्या बादलीतून मणी सांडताना दिसले, गड्या. निळे."

मी सरळ आत जाऊन इमोजेनला फोन लावला. चार वाजेपर्यंत ती आली, काम थांबलं. पण कोपरा उरला नव्हता. तिथली सगळी माती तळ्याच्या बांधावर चढवून झाली होती.

संध्याकाळी ती विल्फच्या स्वयंपाकघरात आली, बुटांसकट. बसली नाही.

"वाळूसाठी मी एक ओढा शोधून काढला होता," ती म्हणाली. "कधी नव्हताच असा ओढा. तुम्ही तेव्हा इथेच बसून मला बिस्किटं देत होतात."

"माझी चूक झाली," विल्फ म्हणाला.

"चूक म्हणजे पाय घसरणं. तुम्ही नऊ वर्षं गप्प राहिलात."

चुलीजवळ उभी असलेली आयव्ही म्हणाली, "मीही राहिले. त्या दिवशी याचे बूट मीच धुतले. थर्लोची माती नखाने खरवडावी लागते. ही पाण्याने आपोआप गेली. वाळू होती."

विल्फने वळून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं एका टेबलावर जेवणारी ती दोघं, आणि दोघांनाही ठाऊक, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेलं नाही.

पोलिसांनी जबाब घेतला, ताकीद दिली, सोडून दिलं. थर्लोने सोडलं नाही. घरी जाऊन विल्फने माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "माझ्या शेताला खोटं नाव मिळवून दिलंस, ते राहू दे. पण मी तुझ्यामुळे चांगला माणूस झालो होतो रे, आयुष्यात एकदाच. ते पण खोट्यावर!" आणि दार लावून घेतलं. मंडळाच्या बैठकीत विल्फचं नाव काढायचा ठराव मीच मांडला. हात वर करताना त्याच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. बॉरेट बाईंच्या दारात मी त्याच्या शेजारी उभा होतो. बाईंचा "वरचा कोपरा" मीही ऐकला होता. वाळू मीही पाहिली होती, आइस्क्रीमच्या डब्यात. विचारायचं सुचलं नाही की विचारायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एप्रिलमध्ये इमोजेनचा निरोप आला: बांधाची माती चाळायची आहे, आणि त्यातला आवाज ओळखणारा कान जिल्ह्यात एकच आहे. विल्फ गेला. पाच आठवडे रोज, पाठीला पट्टा बांधून. त्या मातीतून अकरा पिनांचे तुकडे निघाले, मुठी-मुठीने मणी, भाल्याचं एक टोक, हाडांचे तुकडे, आणि दात, पुष्कळ दात. प्रत्येक वस्तूची वेगळी पिशवी, आणि पिशवीवर सापडल्याची जागा लिहायची. इमोजेनने त्याला काय लिहायचं ते सांगितलं: "उपसलेली माती. मूळ जागा अज्ञात." दोनशे बारा पिशव्यांवर त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलं. मी एकदा जेवणाचा डबा घेऊन गेलो तेव्हा म्हणालो, "शिक्का करून घे ना." तो म्हणाला, "नको."

हाडं तपासून झाल्यावर थेल्शमच्या चर्चमागे पुरली. पाद्र्याने आधी बॉरेट बाईंच्या थडग्याशी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. विल्फ फाटकाबाहेरच थांबला. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही. सगळे पांगल्यावर इमोजेन गाडीकडे निघाली. तेव्हा तो टोपी काढून पुढे झाला.

"बाई, एक विचारू? किती जणं होती तिथे?"

"वीस असतील. चाळीस असतील," ती म्हणाली. "कोण कुणाची आई, कोण कुणाच्या शेजारी निजलेलं, कुणाच्या अंगावर काय होतं. ते आता कळायचं नाही, मिस्टर केरिज."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. ती गेली. मी गाडी वळवून आणली, तरी तो तिथेच उभा होता. बसला तेव्हा म्हणाला, "थर्लोच्या घराकडून नको नेऊस, सायरिल. लांबच्या रस्त्याने जाऊ."

आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो.