मागच्या रांगेतल्या नऊजणी

चूक माझी होती, म्हणून प्रवासही मलाच करावा लागला. तीस वर्षांपूर्वी मी दिघीजवळच्या एका कोळीवाड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. अक्षर बरं, म्हणून मच्छीमार सोसायटीच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात बर्फाच्या कारखान्याच्या उद्घाटनाचा फोटो होता. पुढे खुर्च्यांवर सात पुरुष. त्यांची नावं मी हुद्द्यांसकट लिहिली. मागे नऊ बायका उभ्या होत्या. त्यांच्यासाठी मी लिहिलं, ‘मागे स्थानिक महिला’. मी त्यांच्या मुलांची हजेरी रोज घेत होते, पण एकीलाही तिचं नाव विचारलं नाही.

आता सोसायटी ती स्मरणिका नव्याने छापते आहे. अध्यक्ष माझाच विद्यार्थी, रमेश. त्याला फोन करून म्हटलं, तेवढी एक ओळ मला बदलू दे.

“बदला की बाई,” तो म्हणाला, “पन सोमवारी सगळं छापखान्यात जातंय.”

शुक्रवारी सकाळी मी चौलहून निघाले. तुम्हीही या वाटेने जाणार असाल तर रेवदंड्याहून मुरुडची एसटी पकडा आणि उजवीकडची खिडकी मिळवा, समुद्र त्या बाजूला आहे. रस्ता वळणावळणांचा, त्यामुळे भरल्या पोटी बसू नका. मी मिसळ खाऊन बसले होते, पुढचं सांगत नाही. मुरुडहून आगरदांड्याला अख्खी रिक्षा न करता सीट धरली की स्वस्त पडतं. तिथून दिघीची फेरीबोट. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळलेला बरा, पायी माणसाला कधीही जागा मिळते. तिकीट चहा-भज्यांच्या खर्चात बसतं आणि वाऱ्यावर उभं राहायचं सुख फुकट मिळतं.

दुपारी सोसायटीच्या कचेरीत मी फोटो टेबलावर ठेवला. चार-पाच जाणती माणसं गोळा झाली. त्यांनी मागची होडी ओळखली, होडीचा रंग कुणी दिला ते सांगितलं, खुर्च्या कोणाच्या घरून आणल्या होत्या यावर वादही घातला. बायकांवर बोट ठेवलं तेव्हा मात्र सगळे फोटोवर वाकले. उन्हामुळे सगळ्याजणींनी पदर कपाळावर ओढले होते, चेहरे दिसतच नव्हते.

“ही नाखवाची बायको असंल,” एकजण म्हणाला.

“न्हाय रे, त्याची वैनी.”

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“नाव... आमी वैनीच म्हनायचो.”

दोन चहा झाले आणि वही कोरीच राहिली. मी खट्टू झाले. मुक्काम रमेशकडेच होता. (दिवेआगरला घरगुती खोल्या भरपूर मिळतात, काळजी नको.) रात्री त्याच्या बायकोने ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. माझं तोंड बघून ती म्हणाली, “बाई, बाप्यांना काय विचारता? हिरामावशीला विचारा. पन ती घरी न्हाय गावायची, पहाटंच्या टेंपोत बसा.”

शनिवारी उजाडायच्या आत मी टेंपोत होते, बर्फाची खोकी आणि मासळीच्या पाट्यांच्या मधोमध. चांगली साडी नेसू नका. वास आठवडाभर जात नाही. उजाडल्यावर म्हसळ्याच्या बाजारात पोचलो. टेंपोतून उतरलेल्या बायका भराभर आपापल्या जागी बसल्या. मी फोटो धरून हिराबाईंसमोर उभी राहिले. त्या माझ्याच वयाच्या.

“बाई, उभ्या नका र्‍हाऊ, गिऱ्हाईक अडतंय,” त्या म्हणाल्या आणि रांगेकडे वळल्या. “थोडं थोडं सरका गो, बाईंना बसू द्या.”

एकेक पाटी वीतभर सरकली आणि माझ्यापुरती जागा झाली.

हिराबाईंनी हात पुसून फोटो घेतला. तिसऱ्या पदरावर बोट ठेवलं.

“ही तिसरी मीच,” त्या म्हणाल्या. “येवढी वर्सं झाली, आज दिसला फोटो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छापलेली स्मरणिका आम्ही पुढच्या खुर्च्यांना वाटली होती, मागच्या रांगेला नाही. ते त्यांना सांगून टाकलं आणि माफी मागितली. त्यांनी फोटो मला परत दिला.

“चेहरे तर दिसत नाहीत. ओळखलंत कसं?”

“रांगेत उभं र्‍हा म्हनले. आमची रांग येकच, ही बाजाराची. तशाच उभ्या र्‍हायलो.”

मी फोटोकडे बघितलं, मग बाजाराच्या रांगेकडे. हिराबाईंनी सांगितलं, सासूची जागा सुनेला, सून नसेल तर लेकीला. क्रम आजही तोच. वही घेऊन मी डावीकडून निघाले. एकेकीला विचारत गेले, तुमच्या आधी इथे कोण बसायचं? काशीबाई. रखमा. तिसऱ्या हिराबाईच. गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता त्या मला नावं सांगत होत्या. आनंदाने माझं अक्षर बिघडत होतं.

सातव्या जागी कोणीच नव्हतं. तिथे पाण्याचा हंडा होता.

“चांगुनाची जागा,” हिराबाई म्हणाल्या. “तिला सून न्हाय, लेक न्हाय. जाऊन लई वर्सं झाली.”

“मग रिकामी का ठेवलीत?”

“रिकामी कुठं हाय? तिची हाय. तिथलं पानी आमी सगळ्या पितो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुठल्याही घराच्या वंशावळीत मला चांगुणा सापडली नसती. त्या हंड्यातलं तांब्याभर पाणी प्यायले, मग उरलेल्या दोघींची नावं लिहून घेतली.

रविवारी घरी आले, साडी भिजत घातली आणि आधी ती ओळ लिहून रमेशला पाठवली. ‘मागे उभ्या, डावीकडून’ आणि पुढे नऊ नावं. फोटोची मोठी प्रत काढायला टाकली आहे, हिराबाईंसाठी. पाहायच्या जागा म्हणाल तर या प्रवासात एकही पाहिली नाही, मुरुडचा किल्लासुद्धा लांबूनच दिसला. मला काही हुकल्यासारखं वाटत नाही.

संध्याकाळी रमेशचा फोन आला. “बाई, येवढी नावं? फोटोखाली जागा कुठाय? पुढच्यांचे हुद्देच तीन ओळी हायत.”

“होईल जागा,” मी म्हटलं. “पुढच्यांना थोडं थोडं सरकायला सांग.”