तिच्या ओळीची जागा

आमच्या फोनवर हॅलो नसायचं. सकाळी, चहाच्या आधी, कुंदाताईचं नाव दिसलं की मी फोन उचलून थेट सा लावायचे आणि तिकडे अकोल्यात माझी ही थोरली बहीण तो संपेपर्यंत ऐकायची. त्या दिवशीही नाव तिचंच होतं. मी डोळे मिटून सा लावला, चांगला लांब. तो संपल्यावर पलीकडून तिचा सा आला नाही, भाऊजींचा आवाज आला. "सुमनबाई... कुंदा गेली." माझा सा संपेपर्यंत तो बिचारा माणूस ती बातमी घेऊन थांबला होता.

माहेरी, तेल्हाऱ्याला, आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकलो. ताईनं ते टिकवलं. मी नोकरी आणि संसाराच्या नावाखाली घालवलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, पण तंबोरा कपाटावर गवसणीत तसाच. ताई एकदा अमरावतीला आली, गवसणीवरून बोट फिरवलं आणि ती धूळ माझ्याच पदराला पुसली. "मनच लागत नाही गं," मी म्हणाले. "मन लागायची वाट पायशील त बसशीलच नाई कदी. उद्या सकाळी मी फोन करीन. उचलजो अन् सा लावजो. बाकी काई बोलू नोको." तेव्हापासून हा नेम सुरू झाला. फोनवर आवाज थोडा मागून येतो, त्यामुळे एकत्र गाता येत नसे. एक ओळ तिची, तीच ओळ माझी, आणि एकीची चालू असताना दुसरी गप्प. नवी चीज नाही, ताना नाहीत. मी कंटाळले की ती फोन खिडकीबाहेर धरायची. जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत भाजीवाले येत. "आयक, मेथीवाल्यानं आज काय रिषभ लावला!" मग आठवडाभर आम्ही भैरवातला तो कोमल रिषभच घोटायचो. हसू यायचं, पण कोणत्याही मोठ्या मैफलीनं मला असं गायला बसवलं नव्हतं.

थंडीत तिची ओळ मध्येच तुटू लागली. बरं नाही का, असं साधं विचारायचं ना... तेवढंही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं. जन्मभर तिच्या मागे राहिलेली मी पुढे गेले होते. "ताई, रियाज कमी पडून राहिला तुया," मी म्हणाले, आणि तिचीच शिस्त तिला ऐकवली. "हो वं," ती हसली, "आळस आला मले." नंतर तिची ओळ पुन्हा पूर्ण यायला लागली. हा माझ्या बोलण्याचा गुण, असं मी समजले.

तेरवीला अकोल्याला गेले तेव्हा भाऊजींनी स्वयंपाकघराच्या दाराशी सांगितलं. तिचं हृदय कमजोर झालं होतं. दम लागेल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तुमी बोलल्यापासून सकाळी कोनाशी बोलेच ना ती. मी इचारलं, काहून गप? त हातानंच थांबा म्हने. तुमच्या फोनसाठी दम राखून ठेवत होती." मला कळवलं का नाही, असं मी विचारलं. "मी म्हटलं होतं, सुमनबाईले सांग. त म्हने, सांगितलं त गानं सोडून माई तब्येतच इचारत बशीन. आता कुठं गायले बसून राहिली, बसू द्या." गाण्यामुळे काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. माझी समजूत पटत नाही. आत पानं मांडली जात होती, आणि त्या घरातलं कोणी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं.

आता तो फोन येत नाही. तरी मी रोज बसते, चहाच्या आधी. माझी ओळ झाली की तिच्या ओळीएवढी थांबते. माझं गाणं कधी नव्हतं इतकं चांगलं चाललं आहे, आणि मला त्याची लाज वाटते. परवा तिच्या ओळीच्या जागेत आमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडला... अगदी तोच रिषभ. "ताई, आयक!" ओठांवर आलं, हात फोनकडे गेला. मग हात मागे घेतला, तिची ओळ संपेल इतकं थांबले, आणि माझी म्हटली. दम शेवटपर्यंत पुरला.