तळ्यापलीकडची कोरी जागा

कोल्हारच्या आमच्या घराच्या मागच्या दारी मी वाळवण घालत होते. शेजारचे सखारामबापू नगरहून आले ते घरी न जाता आमच्याच अंगणात येऊन उभे राहिले. "बाई, पाव्हन्यांचा निरोप हाय. इंदुताईंला लई ताप हाय. तुमी लगोलग या म्हनले." सर्व्हिस मोटार मिळून नगरला पोचेपर्यंत ताई गेली होती. विषमज्वर. भावोजी पायरीवर बसले होते, मला पाहून नुसतं बाजूला सरकले…

आता दोन महिने होत आले. डोळे मिटले की मला नगरला शेवटची पाहिलेली ताई दिसतच नाही. दिसतात ती मी कधीही न पाहिलेली तळी, तिच्या बोलण्यातून माझ्यात उतरलेली. भावोजी भूगर्भशास्त्र शिकवत आणि उन्हाळ्यात काश्मिरातल्या उंचावरच्या तळ्यांकडे जात. फार पूर्वी तिथे बर्फाच्या नद्या होत्या. त्यांनी वाहून आणलेल्या दगडमातीच्या रांगा कुठून कुठे जातात, याचा नकाशा ते करत होते. लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ताई म्हणाली, "मीही येते." सासरी कुरकुर झाली, पण गेली. परत आली की माहेरी प्रवरेच्या वाळवंटात मला घेऊन बसायची. "नदी दगडाला घासून घासून गोल करते गं, आणि बर्फ त्याच्यावर ओरखडे काढतो. हात फिरवला की कळतं, बर्फ कुठून कुठे गेला ते." मला वाटायचं, ही स्वप्नात बोलते आहे. एवढा बर्फ, आणि तो चालतो…

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला, त्यांचा तिकडचा तो शेवटचा उन्हाळा. दिवसभर बर्फावरचं ऊन डोळ्यांत जाऊन भावोजींचे डोळे सुजले, उघडेनात. घोडेवाला खाली उतरू म्हणू लागला. उतरलं असतं तर त्या वर्षीचं काम बुडालं असतं, आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळेल की नाही कोण जाणे. डोळ्यांवर ओली पट्टी बांधून भावोजी म्हणाले, "इंदू, मला दगडांपाशी ने." मग ते खडकावर बोटं फिरवून ओरखड्यांची दिशा सांगत आणि ताई होकायंत्र धरून, समोरचे उंचवटे बघून रेघा काढी. डोळे कायमचे गेले तर, ही भीती दोघांनाही होती. बोललं कुणीच नाही. "बोलले असते तर रेघ वाकडी गेली असती," ती म्हणायची.

शेवटच्या दिवशी तळ्यापलीकडे धुकं उतरलं ते हटेना. अलीकडची दगडमातीची रांग पाण्यापाशी येऊन थांबलेली. भावोजी म्हणाले, "ती पलीकडे तशीच जात असणार. जोडून टाक."

"मला दिसत नाहीये."

"मी सांगतोय ना!"

"तुम्हालाही दिसत नाहीये."

ताईने कागद गुंडाळून ठेवला. जागा कोरीच राहिली. खाली श्रीनगरला डोळे बरे झाल्यावर भावोजींनी पहिल्यांदा तो नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला आणि त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'धुक्यामुळे दिसले नाही.' पुन्हा जाऊ, असं ठरलं होतं. पण पुढच्या वर्षी परवानगी मिळाली नाही, मग फाळणी झाली, काश्मिरात लढाई पेटली आणि वाट बंद झाली.

मी एकदा तिला म्हटलं, "जराशी रेघ जोडली असतीस तर काय बिघडलं असतं, ताई?" ती पाण्यात पाय सोडून बसली होती. हसली. "अगं, पुढे कुणीतरी तिथे जाईल, माझ्या रेघेवर विसंबून पाऊल टाकील…"

परवा नगरला गेले होते. दिवेलागणीला भावोजी टेबलाशी लिहायला बसले. ताई डावखुरी. दोघं एकाच टेबलावर काम करत, आणि तिच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून कंदील नेहमी उजवीकडे असे. अजून तिथेच होता. भावोजींच्या उजव्या हाताची सावली त्यांच्याच ओळींवर पडत होती. मी कंदील सरकवायला गेले.

"असू दे," ते म्हणाले आणि त्या सावलीतच लिहीत राहिले.