घरच्या मशीनवरची ओळ

सिविक सेंटरमधल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक काका एकदाच आले. स्टील प्लँटमधून रिटायर झालेले. मुलीने कॉलेजात असताना बनवलेली वेबसाइट त्यांच्या घरच्याच कॉम्प्युटरवर चालायची. प्लँटचं क्वार्टर सोडून ते वैशाली नगरात राहायला आले, आणि साइट उघडेनाशी झाली. मुलगी त्याआधीच भांडून घर सोडून गेली होती.

मी इंटरनेटच्या नोंदीतला जुना पत्ता बदलून साइटचं नाव नव्या घरच्या कॉम्प्युटरकडे वळवलं. स्क्रीनवर ते नाव दिसलं, तसा त्यांनी खिशातून रुमाल काढून तेवढाच भाग पुसला.

"काका, भाड्याच्या सर्व्हरवर टाका न. कधी बंद नाही पडत."

"तिथं पोरगी आली तं मले कसं समजन?" ते म्हणाले. साइट कोणी उघडली की घरच्या मशीनवर एक ओळ उमटायची. ती पाहत ते बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी, साइट चालते का ते पाहायला मी दुकानातून उघडली. लगेच फोन वाजला.

"बेटा, आत्ता कोणी तरी आलं! तू तं नाही न?"

"मीच होतो, काका."

"असू दे," ते म्हणाले. "पाहत जाय मंग कधीमधी."