चालत गेलेला नवस

आमच्या वडगावात देवीच्या जत्रेला नवस फेडायला कोंबडीची पिल्लं देवळावर उडवतात. त्या वेळी गर्दीतल्या सगळ्यांच्या नजरा वर असायच्या, आणि गंगाक्काची एकटीची खाली. लोकांच्या पायांत घुसून ती पडलेली पिल्लं पदरात भरायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "तुमचा नवस पोचला न्हवं? मग आता पिल्लू माझं."

गंगाक्का आमची शेजारीण. घरात विजेचे माग, आणि हिचा आवाज त्यांच्याहून मोठा. दिवसभर साड्या विणायच्या आणि मागाशेजारी लंगड्या पिल्लांचा दवाखाना चालवायचा. पिल्लांशी बोलायची मात्र कानडीत. "मराठीत सांगितलं की उलटं बोलत्यात, तुझ्यागत," हे वर मलाच.

दवाखान्याचे नियम कडक. पाय दोन्हीकडे फाकलेलं पिल्लू असलं की दोन्ही पायांना सुती कापडाची मऊ पट्टी सैलसर बांधायची, मध्ये उभं राहण्यापुरतं अंतर ठेवून. एकदा मी हौसेनं रेशमी धागा पुढे केला, तर केवढी खेकसली! "पाय कापंल की गं! लग्नाला न्यायलीस काय त्येला?" गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतात म्हणून खाली गोणपाट. पाणी उथळ बशीत, दाणे चोचीजवळ, सोबतीला एखादं धडधाकट पिल्लू. रोज पट्टी सोडून पाय बघायचे. हाड मोडलेलं असलं तर सरळ सांगायची, "ह्ये माझ्याच्यानं न्हाय," आणि जनावरांच्या डॉक्टरकडे निघायची. बाकीच्यांना दोन बोटांत धरून उभं करायची. पिल्लू मटकन बसलं की मी हळहळायचे. ती म्हणायची, "बसलंय गं, पडलं न्हाय. दम खाऊ दे."

माझ्या गौरीच्या बरोबरीची पोरं गल्लीभर धावत होती आणि ती भिंत धरूनसुद्धा उभी राहीना. डॉक्टर, मालिश, सगळं चालू होतं. सासूबाईंनी देवीला नवस बोलला, नात चालली तर पिल्लू उडवीन. नात चालली! आणि मी पेचात पडले. गंगाक्काकडे बसून बसून पिल्लू उडवू द्यायला माझं मन धजेना, आणि नवस चुकवावा तर पोरीचे पाय पुन्हा जातील ही धास्ती. सासूबाई ऐकेनात. त्यांचं तरी काय चुकलं? धास्ती त्यांनाही तीच होती.

गंगाक्कानं माग बंद करून माझं ऐकलं. ती माग बंद करते म्हणजे प्रकरण गंभीर.

"नवस कशाचा हुता? चालायचा न्हवं? मग पिल्लू चालतच जाऊ दे की देवीकडं."

सासूबाईंनाही हे तिनंच पटवलं. जत्रेदिवशी तिनं निवडलं तेही नुकतीच पट्टी सुटलेलं पिल्लू. "आक्का, धडधाकट घे की!" मी म्हटलं.

"धडधाकट चाललं तर देवीला काय नवल?"

देवळातली फरशी गुळगुळीत, त्यात लोकांच्या पायांनी ओली झालेली. आक्कानं काखेतलं गोणपाट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत अंथरलं आणि पिल्लू खाली ठेवलं. जरासं चालून ते मटकन बसलं. माणसं गोळा झाली. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. "पडलं की गं! आता माझ्या पोरीचं कसं व्हायचं?" मी पिल्लू उचलायला वाकले, तर आक्कानं माझं मनगट धरलं.

"बसलंय. पडलं न्हाय."

मग स्वतः उंबऱ्याशी बसून तिनं कानडीत 'ये, ये' म्हणून हाक मारली, "बा, बा." पिल्लू उठलं, डगमगलं, आणि तुरुतुरु जाऊन उंबऱ्याला चोच टेकून उभं राहिलं. सासूबाईंनी हात जोडले. "पोचला गं बाई नवस," म्हणत त्या आक्काच्या गळ्यात पडल्या.

गंगाक्का गेल्या वर्षी गेली. तिची आठवण आली की मला रडू येतं, खोटं कशाला बोलू? तिचं गोणपाट मी तिच्या घरून मागून आणलं आणि तसंच घडी करून ठेवलं.

यंदाच्या जत्रेतही पिल्लं उडालीच. मी गौरीचा हात धरून कडेला उभी होते. बघते तर गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई मान खाली घालून गर्दीत घुसलेल्या. परत आल्या तेव्हा पदर गच्च धरला होता आणि आत चिवचिवाट चालला होता.

"बघत काय उभारलीस?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "घरला चल, गोणपाट काढ. आणि पट्टी सुतीच घे गं, न्हायतर पाय कापंल."