थेंबेमास्तरांचा चुकलेला पिवळा

थेंबेमास्तरांच्या हातून एकवीस वर्षांत एकच डबा बिघडला, आणि नेमकं त्याच डब्याचं कौतुक पेपरात छापून आलं.

मास्तर रंगाच्या दुकानात शेड जुळवायचे. खरं आडनाव लाइटबिलावर होतं. बाकी जग त्यांना थेंबेमास्तर म्हणायचं, कारण स्टेनरचा, म्हणजे छटा आणणाऱ्या गडद रंगाचा, एकेक थेंब ते मोजून टाकत आणि मोजताना समोर साक्षात घरमालक उभा असला तरी मान वर करत नसत. राखाडीत काळ्याचे दोन थेंब की तीन, एवढ्यावरून त्यांनी एका डॉक्टरांना दुकानाबाहेर काढलं होतं. डबा तयार झाला की कशाचे किती थेंब त्याची चिठ्ठी झाकणाला चिकटे आणि तिची नक्कल मागच्या खिळ्याला अडके. पुन्हा तोच रंग हवा असेल तर खिळा चाळायचा.

बिघडलेल्या डब्याची चिठ्ठी नव्हती. चूक कशी केली हे कोण लिहून ठेवतो?

तो डबा गेला बाईंकडे. बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आता घरी दारांएवढी चित्रं काढायच्या; त्यांत माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगांचे पट्टे. एवढ्या मोठ्या कामाला ट्यूबमधले रंग कुठून पुरणार, म्हणून भिंतीचाच रंग न्यायच्या. त्यांनी मागितला होता उन्हातल्या पडद्याचा पिवळा. निघाला तो काळपट, हिरवट, फळीवर विसरलेल्या लिंबासारखा. बाईंनी दोन दिवस मास्तरांच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी सहज एक पट्टा ओढून पाहिला, आणि मग डब्याचा तळ लागेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

प्रदर्शनात लोक त्या चित्रांपुढून हलेनात. एक गृहस्थ चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. पेपरवाल्याने लिहिलं, या पिवळ्यात बाईंच्या आयुष्यातलं न बोललेलं दुःख उतरलं आहे.

कात्रण घेऊन बाई दुकानात आल्या. "मला कसलं दुःख हो मास्तर? गुडघे सोडले तर माझं उत्तम चाललंय."

पण अडचण खरी होती. सगळ्यांत मोठं चित्र अर्धं झालं होतं, रंग संपला होता आणि चार दिवसांनी ते पुढच्या प्रदर्शनात लावायचं होतं. दुसरा पिवळा वापरला की जोड उघडा पडणार. बाईंनी जुन्या डब्याचं वाळलेलं झाकण टेबलावर ठेवलं आणि हाच हवा म्हणाल्या. मास्तर बरं म्हणाले. तो चुकून झाला होता, एवढंच तेवढं सांगायचं राहिलं.

तीन दिवसांत मास्तरांनी नऊ नमुने केले. बाई रोज येऊन कागदावर बोटभर लावत, वाळू देत आणि नाक मुरडत. एक नुसताच मळकट निघाला. एकाला त्या रडका म्हणाल्या. नवव्याला म्हणाल्या, "हा फार बोलतो. तो गप्प होता."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. शेवटी बोलले. रंग जुळवून केलेला नव्हता, हातून गेला होता. डब्यावर काळ्याची बाटली धरली होती, चार थेंब घालायचे होते, तेवढ्यात फोन आला. फोन कानाला लागला, तोंड भिंतीकडे वळलं, आणि बाटली हातात तशीच उलटी राहिली. बाई बाहेर खोळंबल्या होत्या, म्हणून घाईघाईत ढवळून झाकण ठोकलं.

बाई चिडल्या नाहीत. मास्तरांना ते जास्त जड गेलं.

"किती वेळ चालला फोन?"

"नाही आठवत."

"बोलणं आठवतंय?"

मास्तर काळ्याच्या बाटलीचं बूच घट्ट करू लागले. बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "मग तेच बोला. बाटली तशीच धरा."

दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी नवा डबा उघडला, पिवळा घातला, काळ्याची बाटली उलटी केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पहिला थेंब पडला.

"बाबा, मी बोलतेय," ते सपाट आवाजात म्हणाले. "उद्या अकराला लग्न रजिस्टर करतोय आम्ही. तुम्हाला तो पसंत नाही, माहीत आहे." थेंब पडत होते. "आईला विचारलं. ती म्हणाली, बाबा आले तर येते." मास्तर थांबले. "इथं मी काही बोललो नाही."

"किती वेळ?"

मास्तर तितका वेळ गप्प राहिले. तो फार होता. काळा टपटप पडत राहिला. बाई स्टुलावर हलल्या नाहीत.

"बाबा, आहात ना?" मास्तर म्हणाले. आणि मग स्वतःच्या आवाजात, "गिऱ्हाईक आहे. नंतर करतो."

त्यांनी बाटली सरळ केली.

ढवळलं, कागदावर लावलं, वाळायची वाट पाहिली. बाईंनी कागद जुन्या झाकणाशेजारी धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग नुसतीच मान डोलावली. मास्तरांनी सवयीने चिठ्ठी ओढली, कशाचे किती थेंब लिहायचे म्हणून, आणि ती कोरीच झाकणाला चिकटवली.

"पेपरवाल्याचं चुकलं नव्हतं," बाई डबा उचलताना म्हणाल्या. "घर तेवढं चुकला." दारापर्यंत जाऊन त्यांनी विचारलं, "केलात का नंतर?"

त्या 'नंतर'ला सहा महिने होऊन गेले होते. मास्तरांनी हात पुढे करून दाखवले, काळे झालेत म्हणून. बाई गेल्या.

मास्तरांनी नळाखाली हात धुतले. काळा लवकर निघत नाही, ते धूतच राहिले. निघाल्यावर फोन हातात घेतला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला पांढरा हवा होता, नुसता पांढरा. त्यात घालायचं काही नसतं, मोजायचंही नसतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तरी मास्तरांनी त्याला एकवार विचारून पाहिलं, "एखादा थेंब निळा घालून देऊ का?"

नको म्हणाला आणि डबा घेऊन गेला.