फोडणीची पळी आणि गोरखआबांचं जाळं

इसम नामे गोरख दत्तोबा शेडगे, वय वर्षे एकसष्ट, धंदा मासेमारी, राहणार पवनानगर, तालुका मावळ. वर्तणूक चांगली. सदर इसमापासून कोणासही उपद्रव नसल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.

दाखला खोटा नाही. धरणावर गोरखआबांचं कुणाशी भांडण नाही. जाळं ते स्वतः विणतात आणि त्याच्या कडेची वजनंही स्वतःच ओततात. जुन्या बॅटरीतलं शिसं चुलीवर फोडणीच्या पळीत वितळवायचं, ओल्या मातीच्या खाचांत ओतायचं, निवल्यावर एकेक तुकडा दोरीवर दातांनी दाबायचा. मग पळी घासली की पुन्हा आमटीच्या सेवेत रुजू.

यंदा त्यांची तीन वर्षांची नात अपेक्षा जेवेनाशी झाली. पोट धरून रडायची. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं. "हिच्या अंगात शिसं आहे. घरात कुठून येतं?"

"माझ्या जाळ्याचं आसंल. पन पोर जाळ्याला हात बी लावत न्हाई."

"तुम्हाला लावते ना, आबा? तो धूर, राख, तुमचे हात, तुमचा सदरा. लहान मुलाला चिमूटभर पुरतं."

"चाळीस वर्सं दातानं दाबतोय. मला काय झालं?"

"तुमाला काय झालं ते मला इचारा," त्यांची बायको शालनमावशी म्हणाली. "परवा चपला घालून चपलाच हुडकत हुता."

पोरीला पाण्याच्या कडेला जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच काळजी आबांनी आजवर घेतली होती. पाणी तर निर्दोष निघालं.

घरी येताच मावशींनी पळी मोडीत काढली. केरसुणीनं धूळ उडते म्हणून जमीन ओल्या फडक्यानं पुसायला घेतली. आबांनी दोरीवरचं सगळं शिसं उपटून भंगारवाल्याला दिलं आणि लोखंडी नट ओवले. जाळं आता पूर्वीसारखं गोल पडत नाही. मासे कडेनं निघून जातात. धंदेवाल्या माणसानं हे कुणाला सांगू नये, म्हणून ते सांगत नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा शिसं बरंच उतरलं होतं, गेलेलं नव्हतं. पोर मात्र भाकरी मागून घेते. आबांच्या मांडीवर बसण्याआधी ती त्यांचे हात हुंगते. साबणाचा वास आला नाही तर बसत नाही.